डेलमार शिमेक स्वतःहून उभा राहिला

डेलमार शिमेक वीस वर्षं आमच्या शाळा मंडळावर होता, आणि त्या वीस वर्षांत तो एकदाही निवडणुकीला उभा राहिला नव्हता.

हे ऐकून कोणाला घोटाळा वाटला, तर त्यानं आमच्या गावात, डॉसन्स बेंडला, कधी मतदान केलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. शाळा मंडळाच्या निवडणुकीला आमच्याकडे सहसा कोणी अर्जच भरत नाही. अर्ज भरणं म्हणजे चर्चच्या जेवणात सगळ्यांच्या आधी उठून अ‍ॅपल पायचा मोठा तुकडा स्वतःच्या बशीत ओढून घेणं. मतपत्रिकेवर तळाशी एक रिकामी ओळ असते. कोणी उभं नसेल, किंवा उभा असलेला पसंत नसेल, तर त्या ओळीवर आपल्या मनातलं नाव लिहायचं. आमची सगळी लोकशाही त्या एका ओळीवर चालते. ज्याचं नाव जास्त वेळा लिहिलं गेलं त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन जातो, आणि तो बिचारा घरात दाढी करत किंवा गोठ्यात गुरांना वैरण टाकत असताना त्याला कळतं की आता चार वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी आपल्याला शाळेत जाऊन बसायचंय. तो नाही म्हणतो. लोक आग्रह करतात. तो परत नाही म्हणतो. माणूस जितक्या कळवळून नाही म्हणेल, तितका तो त्या कामाला लायक, असं आमचं मत आहे.

डेलमार पहिल्यांदा निवडून आला तेव्हा मळणीच्या यंत्राखाली आडवा पडून वेल्डिंग करत होता. धान्याच्या कोठारांचा व्यवस्थापक आणि मंडळाचा तेव्हाचा, आत्ताचा आणि बहुधा मरेपर्यंतचा अध्यक्ष रोलंड टीट्जेन त्याला बातमी सांगायला गेला.

"डेल, बाहेर ये जरा. अभिनंदन करायचंय."

"कसलं?"

"शाळा मंडळावर आलास."

यंत्राखालून काही शब्द बाहेर आले. ते मी आमच्या साप्ताहिकात छापले नाहीत आणि इथेही लिहीत नाही. रोलंडनं ते शांतपणे ऐकून घेतले, टोपी मागे सरकवली आणि म्हणाला, "म्हणजे हो समजू ना?"

पाच वेळा हे असंच झालं. पाचही वेळा डेलमार चिडला, पाचही वेळा त्यानं शपथ घेतली, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी सभेहून घरी येऊन त्यानं जेवणाच्या टेबलावर मंडळाचा उद्धार केला. जिमच्या भिंतीला कोणता रंग द्यायचा यावर एकदा सात महिने चर्चा चालली होती. रंग दोनच होते, आणि ते दोन डबे शेजारी शेजारी ठेवले तर कोणता कोणता हे दुकानदारालाही सांगता येत नव्हतं. "सात महिने!" डेलमार बटाट्यात काटा खुपसत म्हणायचा, "सात महिन्यांत मूल रांगायला लागतं!" त्याची बायको अर्डिस त्याच्या बशीत आणखी एक बटाटा वाढायची आणि म्हणायची, "हं." गेली वीस वर्षं मंडळाच्या कारभाराची सर्वात जास्त माहिती कोणाला असेल तर ती अर्डिसला, पण हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. डेलमारच्या तर मुळीच नाही.

आता इतकं चिडणारा माणूस मंडळावर टिकला कसा? तर शाळेच्या वर्कशॉपमुळे.

शाळेत असताना डेलमारला अक्षरं जमली नाहीत. बाईंनी फळ्यावर ओळ लिहिली की ती त्याला मुंग्यांची रांग दिसायची, आणि वाचायला उभं केलं की तो तासभर खिडकीबाहेर बघत उभा राहायचा. त्या काळी याला मठ्ठपणा म्हणत. आज याला दुसरं नाव आहे, तज्ज्ञ आहेत, वेगळे वर्ग आहेत. डेलमारच्या वेळी फक्त मिस्टर हास होते. इमारतीच्या मागच्या टोकाला असलेल्या त्या लांबलचक खोलीत ते मुलांना सुतारकाम आणि लोखंडकाम शिकवायचे. त्यांनी डेलमारच्या हातात वेल्डिंगची नळी दिली, डोळ्यांवर काळी काच चढवली आणि म्हणाले, "इथे वाचायचं काही नाही. फक्त बघायचं." डेलमार शिमेकचं पुढचं सगळं आयुष्य त्या वाक्यातून निघालं. गावातलं दुरुस्तीचं दुकान, घर, दोन मुली कॉलेजला गेल्या त्याचा खर्च, सगळं.

आणि गावाचंही बरंचसं त्या खोलीतूनच निघालं आहे. ती खोली मंदीच्या वर्षांत गावकऱ्यांनी स्वतः बांधली. छताच्या तुळया जुन्या पिठाच्या गिरणीच्या. मैदानाच्या बाकांचे कठडे, झेंड्याचा खांब, उन्हाळी जत्रेत डुक्कर भाजायची ती तेलाच्या टाकीची भली मोठी भट्टी, कॅथलिक चर्चच्या घंटेचा आधार आणि लुथरन चर्चच्या घंटेचा आधार (कॅथलिकांचा आधी झाला, त्यामुळे लुथरनांचा दोन इंच जाड करावा लागला), हे सगळं तिथल्या पोरांनी केलं. दफनभूमीचं फाटकही तिथलंच. ते बाहेरच्या बाजूला उघडतं, कारण त्या वर्षीच्या वर्गानं नकाशा उलटा धरला होता. तेव्हापासून आमच्याकडची प्रत्येक अंत्ययात्रा फाटकाशी थांबते, सगळे चार पावलं मागे सरतात, फाटक ओढलं जातं आणि मग मेलेला माणूस आत जातो. बदलायचं का, असा विषय दोनदा निघाला. पण आपल्या आजोबांना जसं नेलं तसंच आपल्यालाही न्यावं, असं लोकांना वाटतं.

तर ही खोली बंद व्हायची वेळ आली.

शाळेतले कुस्तीचे कोच हॉर्स्टमन यांना व्यायामासाठी जागा हवी होती. हॉर्स्टमन तरुण आहेत, सज्जन आहेत, आणि त्यांच्या मानेचा घेर माझ्या मांडीएवढा आहे. त्यांची मागणी अशी की वर्कशॉपमध्ये आता मोजकीच मुलं येतात, ती मुलं शेजारच्या तालुक्याच्या गावी बसनं पाठवता येतील, आणि ती खोली वजनं उचलायला द्यावी. मंडळात सभासद पाच. दोन कोचच्या बाजूचे, दोन वर्कशॉपच्या बाजूचे, पाचवा डेलमार. निर्णय जानेवारीत व्हायचा होता आणि डेलमारची मुदत नोव्हेंबरच्या निवडणुकीला संपत होती.

एरवी काळजीचं काहीच कारण नव्हतं. लोकांनी रिकाम्या ओळीवर त्याचं नाव सवयीनंच लिहिलं असतं. पण वीस वर्षांत पहिल्यांदाच डेलमारला ती जागा खरोखर हवी होती, आणि एखादी गोष्ट खरोखर हवी झाली की माणसाची बुद्धी चळते.

"मी अर्ज भरणार," तो अर्डिसला म्हणाला.

अर्डिस कोलाच्यांच्या, म्हणजे गोड पावांच्या, खळग्यांत जर्दाळूचं सारण भरत होती. तिचा हात थांबला. "कशाला?"

"कशाला म्हणजे? नशिबावर सोडू का?"

"लिहितील की लोक. दर वेळी लिहितात."

"आणि या वेळी विसरले तर?"

"डेलमार, तू अर्ज भरलास तर मात्र ते विसरणार नाहीत," अर्डिस म्हणाली. तिनं धोक्याची सूचना दिली होती. डेलमारनं तिचा अर्थ बरोबर उलटा घेतला.

अर्जाला गावातल्या मतदारांच्या सह्या लागतात. त्या घ्यायला तो शनिवारी सकाळी जोलीनच्या कॅफेत आला. मी तिथेच होतो. सकाळी तिथे नसतो तो माणूस एकतर आजारी असतो किंवा आमच्याशी भांडलेला. डेलमारनं कागद टेबलावर ठेवला आणि खिशातून पेन काढलं. कॅफेत एकदम इतकी शांतता झाली की तव्यावरचं अंडं ऐकू यायला लागलं.

"हे काय रे, डेल?" रोलंडनं विचारलं.

"सह्या. मी उभा राहतोय."

"कशाला?"

"मंडळाला."

"तू तर आहेसच मंडळावर."

"परत राहतोय."

"स्वतःहून?"

"हो, स्वतःहून!"

रोलंडनं सही केली. सही न करणं उद्धटपणाचं झालं असतं. सगळ्यांनीच सह्या केल्या. "बरं वाटलं हं," "छान, छान," "वेगळंच आहे," असं म्हणत म्हणत केल्या. आमच्याकडे एखाद्या गोष्टीला वेगळंच आहे म्हटलं की समजावं, तिचे दिवस भरले. डेलमार जन्मापासून इथला. त्याला हे कळायला हवं होतं. पण तो सह्या मोजण्यात गुंग होता.

तो बाहेर पडला आणि मग कॅफे बोलायला लागला.

"बरं आहे ना त्याचं?"

"पाच वेळा ओढून घोड्यावर बसवला तेव्हा केवढा ओरडला होता! आणि आता स्वतःच लगाम मागतोय?"

"काहीतरी आहे यात."

"जिमला स्वतःचं नाव द्यायचं असेल."

"छे रे. अर्डिसशी बिनसलंय. सोमवारी घराबाहेर पडायला निमित्त हवं त्याला."

"मला तरी तो म्हणाला, वर्कशॉप वाचवायचंय," मी म्हणालो.

"ते तर तो म्हणणारच," जोलीन कॉफी ओतत म्हणाली, आणि माझ्याकडे इतक्या कीव आलेल्या नजरेनं बघितलं की मीही क्षणभर विचारात पडलो.

इथवरही निभावलं असतं. पण मग डेलमारनं फलक केला.

अंगणात फलक लावायची पद्धत आमच्याकडे आहे, पण तो राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा नाहीतर जुनं सामान विकायचा. शाळा मंडळासाठी फलक आजवर कोणी लावलेला नव्हता. त्यात डेलमारला पुठ्ठा चालेना. त्यानं पावपाव इंच जाडीच्या पत्र्यातून अक्षरं कापून काढली, ती लोखंडी चौकटीत जोडली आणि खाली दोन फूट खोल काँक्रीट ओतलं. 'शिमेक. शाळा मंडळ.' काम सुरेख होतं, त्यात शंका नाही. अक्षरांच्या कडा घासून इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की हात फिरवावासा वाटे. पण लोकांनी काय बघितलं? निवडणूक नोव्हेंबरात, आणि या माणसाचा फलक मात्र शंभर वर्षं हलणार नाही.

"काँक्रीट घातलंय म्हणे," पोस्टात एकजण म्हणाला.

"म्हणजे आजन्म बसायचा विचार दिसतोय."

डेलमार घरोघर गेला. दारात उभं राहून वर्कशॉपचं महत्त्व सांगितलं. लोकांनी आत बोलावलं, कॉफी दिली, "अगदी बरोबर" म्हणाले, निघताना भोपळ्याचा गोड पाव कागदात गुंडाळून दिला. प्रत्येक घरून तो खूष होऊन परतला. माणसं गप्पपणे मान हलवतात त्याचा अर्थ वीस वर्षं मंडळात बसूनही त्याला कळला नव्हता, कारण आजवर मान हलवणाऱ्यांत तो स्वतः असायचा.

ऑक्टोबरात सेंट वेन्सेस्लॉस चर्चचं जेवण झालं. भाजलेलं बदक, आंबट कोबी, पिठाचे गोळे. अर्डिस नेहमीसारखी वाढायला होती. प्रत्येक टेबलाशी जाऊन तिनं कोबी वाढला, कोणाच्या गुडघ्याची चौकशी केली, कोणाच्या नातवाचं नाव विचारलं, आणि निवडणुकीबद्दल अवाक्षर काढलं नाही. आमच्या गावात याहून प्रभावी प्रचार असू शकत नाही. तिच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण कोबी घेता घेता कोणाच्या तरी डोक्यात किडा वळवळला, आणि घरी जाताना गाडीत तो नवरा-बायकोत बोलला गेला.

निकाल लागला. डेलमार शिमेक दुसरा आला. पहिली आली अर्डिस शिमेक. तिची सगळी मतं रिकाम्या ओळीवरची. काही जणांना तिचं नाव नीट आठवलं नाही, तर त्यांनी नुसतं 'डेलची बायको' लिहिलं होतं. मोजणाऱ्यांनी हेतू स्पष्ट आहे म्हणून ती मतंही धरली.

सकाळी फोन आला तो डेलमारनं उचलला.

"अभिनंदन!" रोलंड म्हणाला.

"आलो ना?"

"अर्डिसला दे जरा."

यानंतरचा संवाद मला दोघांनीही स्वतंत्रपणे सांगितला आहे आणि दोन्हींत फारसा फरक नाही. अर्डिसनं फोनवर तीनदा नाही म्हटलं, आणि तेही अगदी मनापासून. मग ठेवून दिला. डेलमार खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होता.

"तू त्यांना सांगून टाक, मला नको म्हणून," तो म्हणाला.

"सांगितलं की."

"मग?"

"मग रोलंड म्हणाला, म्हणजे हो समजू ना."

डेलमार अंगणात गेला. फलक उखडायला त्यानं पहार घेतली. दुपारपर्यंत खटपट केली. काँक्रीट उत्तम झालं होतं.

दोन दिवस तो दुकानात बसून जुने बोल्ट घासत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण नाही तर नाही, घरातलं मत तर आहे! रात्रीच्या जेवणाला तो चक्क हसत आला.

"अर्डिस, जानेवारीच्या सभेत तू फक्त एवढंच म्हण..."

"डेलमार," अर्डिस म्हणाली, "सभासदानं सभेच्या आधी बाहेर काही ठरवून यायचं नाही. हे या टेबलावर किती वेळा ऐकलंय मी."

"ते इतरांसाठी! मी तुझा नवरा आहे!"

"म्हणूनच."

"अगं, पण तुला काय वाटतं ते तरी सांगशील?"

"मी अजून कुठे बघितलंय? बघून येते आधी."

आणि ती खरंच बघायला गेली. वीस वर्षांत कोणी सभासद विषय बघायला गेल्याचं मला आठवत नाही, डेलमार धरून. त्यानं वर्कशॉप कशाला बघायचं? ते त्याला पाठच होतं. अर्डिस आधी वर्कशॉपमध्ये जाऊन बसली, पोरं एक ट्रेलर जोडत होती ते पाहिलं. मग स्वयंपाकघराजवळच्या बोळात गेली. तिथे मुलींचा कुस्तीचा संघ वजनं उचलत होता. मुलींची कुस्ती आमच्याकडे नवी आहे आणि गाव तिच्यापायी वेडं झालंय. एका बाजूला सूपची पातेली, दुसऱ्या बाजूला कचऱ्याचे डबे, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत आमच्या पोरी घामेघूम होऊन लोखंड डोक्यावर धरून उभ्या. दर थोड्या वेळानं स्वयंपाकिणीची गाडी आली की सगळ्यांनी भिंतीला चिकटायचं.

अर्डिस घरी येऊन म्हणाली, "त्या पोरींना तिथे फार अडचण होते रे."

डेलमारनं चमचा बशीत आपटला.

"तू कोणाच्या बाजूची आहेस?"

"मी अजून ठरवलेलं नाही."

"पण पोरींना अडचण होते म्हणजे काय? मला अडचण होत नाही?"

"तू कुठे वजनं उचलतोस?" अर्डिस म्हणाली.

जानेवारीची सभा शाळेच्या ग्रंथालयात झाली. एरवी त्या सभांना मी, रोलंडचा कुत्रा आणि हीटर असे तिघेच श्रोते असतो. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती, आणि आत सगळे कोट न काढता बसले होते, म्हणजे लवकर निघायचंय असं दिसावं. समोर टेबलापलीकडे पाच सभासद. डेलमारच्या जागी, डेलमारच्याच खुर्चीत अर्डिस. डेलमार आमच्यात, घडीच्या खुर्चीवर, नवा कोट घालून.

लोकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं मिळतात. रोलंड त्यासाठी अंडी उकडायचं घड्याळ लावतो. हा नियम वीस वर्षांपूर्वी डेलमारनंच आणला होता, कारण लोक फार बोलतात अशी त्याची तक्रार होती.

डेलमार उठला. आणि त्यानं स्वतःचाच घात केला. त्यानं सुरुवात मंदीच्या वर्षांपासून केली. जुनी गिरणी, तिच्या तुळया, त्या कोणी कशा वाहून आणल्या, कोणाचा पाय मोडला, तो पुढे कसा लंगडायचा. मग मिस्टर हास. त्यानं मला नंतर सांगितलं की शेवटी तो स्वतःचं सांगणार होता. फळ्यावरच्या मुंग्यांचं, खिडकीबाहेर बघत उभं राहण्याचं, आणि आजही शाळेत अशी दोन-चार पोरं असतात ज्यांना त्या खोलीखेरीज दुसरीकडे कुठेच शाबासकी मिळत नाही, हे. ते त्यानं कधीच कोणाला सांगितलेलं नव्हतं. ते सांगितलं असतं तर ग्रंथालयात एकही डोळा कोरडा राहिला नसता. पण तो अजून घंटेच्या आधारावरच होता. कॅथलिकांचा झाला होता, लुथरनांचा यायचा होता.

घड्याळ वाजलं.

डेलमार थांबेना. रोलंडनं घसा खाकरला. मग त्यानं अर्डिसकडे पाहिलं, कारण वीस वर्षांच्या मित्राला खाली बस म्हणायची त्याची छाती होईना.

"तीन मिनिटं झाली, डेलमार," अर्डिस म्हणाली. अगदी हळू म्हणाली. पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं.

तो बसला.

मतं मोजली. दोन आणि दोन. सगळ्या खोलीनं अर्डिसकडे तोंड केलं. तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, "मला वाटतं, मध्ये एक भिंत घालावी. अर्धी जागा वर्कशॉपला, अर्धी पोरींना."

मी आजवर इतका मोठा सुटकेचा निःश्वास ऐकलेला नाही. कोणाला नाही म्हणायची गरजच उरली नाही! पाच विरुद्ध शून्य. कोच हॉर्स्टमन यांनी डोळे पुसले. डेलमार मात्र उठून सरळ पिकअपमध्ये जाऊन बसला.

"अर्धी!" घरी जाताना तो गाडी चालवत ओरडला. "अर्ध्या खोलीत ट्रेलर कसा मावणार? वीस फुटी लोखंड वळवायचं कुठे? अर्धी विहीर खणतात का कोणी?"

"बंद होण्यापेक्षा बरं ना?"

"मी असतो तर सगळी वाचवली असती!"

"तू नव्हतास," अर्डिस म्हणाली. "आणि सगळी मागितली असती तर ते दोघं हटून बसले असते, आणि एखादा ऐन वेळी फुटला असता. वीस वर्षं ऐकतेय मी कोण कसं मत देतं ते."

डेलमारनं हीटर वाढवला. 

आता भिंत बांधणार कोण? मंडळाच्या तिजोरीत खडखडाट. ठरलं की वर्कशॉपच्या पोरांनी बांधावी, आणि जाणत्या माणसानं फुकट देखरेख करावी. जाणता माणूस गावात एकच. त्यानं नाही म्हटलं. परत नाही म्हटलं. आणि अर्थातच सोमवारी सकाळी हत्यारांची पेटी घेऊन हजर झाला.

ठरावात 'भिंत' एवढंच लिहिलं होतं. ती जागची हलता कामा नये असं कुठे लिहिलं होतं? आमच्याकडे प्रत्येक शेतावर यंत्रांच्या गोदामाला भलंमोठं सरकतं दार असतं. डेलमारनं तसं खोलीभर रुंदीचं दार केलं आणि ते आडवं सरकवायच्या ऐवजी दोन्ही बाजूंच्या तुळयांना रूळ मारून पुढे-मागे जाईल असं टांगलं. अख्खी भिंत चाकांवर. ट्रेलर जोडायचा असला की ढकला पलीकडे, काम झालं की आणा परत.

कोच हॉर्स्टमन ती बघायला आले. बोटानं ढकलून पाहिली. हलली.

"वेगळंच आहे हे, मिस्टर शिमेक," ते म्हणाले.

डेलमार आठवडाभर तरंगत होता. मला म्हणाला, "छाप पेपरात." मी छापलं, फोटोसकट. तिथेच चुकलं असावं, कारण तो फोटो कुस्तीच्या पोरींनीही पाहिला.

पुढच्या सोमवारी तो वर्कशॉपमध्ये गेला तर भिंत त्याच्याकडे दहा फूट आत आलेली. लांब बाकडं कोपऱ्यात दाबलं गेलेलं, ऐरण भिंतीला टेकलेली, आणि पलीकडून वजनं आपटल्याचे आवाज. त्यानं खांदा लावून भिंत मागे ढकलली. ती दोन फूट गेली आणि थांबली.

"कोण आहे तिकडे?" त्यानं ओरडून विचारलं.

"आम्ही, मिस्टर शिमेक!" पलीकडून अकरा पोरींचा आवाज आला. "जरा जागा हवी होती! विभागीय स्पर्धा आहे!"

"सोडा भिंत!"

"सोडली की! तुम्ही ढकला ना!"

अकरा कुस्तीगीर मुलींविरुद्ध अडुसष्ट वर्षांच्या वेल्डरचं काय चालणार? तो तक्रार घेऊन मंडळाकडे गेला. मंडळानं तक्रारीची दखल घेतली, दोन्ही बाजूंचं शांतपणे ऐकलं, आणि ठरवलं की भिंत खोलीच्या मधोमध आणून तिला कुलूप लावावं, आणि कोणाला सरकवायची असेल त्यानं किल्ली मागावी. किल्ली एका निःपक्षपाती सभासदाकडे असावी. निःपक्षपाती कोण, यावर चर्चाही झाली नाही.

परवा मी त्यांच्या घरी गेलो होतो. डेलमारला पोरांसाठी नांगराची चौकट जोडायची होती, आणि तो स्वयंपाकघरात हात पुढे करून उभा होता.

"अर्डिस, किल्ली."

"किती वेळ लागेल?"

"तासभर."

"पोरींचा सराव साडेतीनला आहे."

"माहीत आहे मला पोरींचा सराव कधी आहे ते! अगं, ती भिंत मी बनवलीय. ते रूळ मी टांगलेत. त्या खोलीत मी..." तो थांबला, माझ्याकडे बघितलं, परत तिच्याकडे. मग त्यानं तिला ते सगळं सांगितलं. फळ्यावरच्या मुंग्या, खिडकी, उभं राहणं, मिस्टर हासचं वाक्य, आणि ती दोन-चार पोरं, नावानिशी. बराच वेळ लागला. या वेळी घड्याळ लावलेलं नव्हतं.

अर्डिसनं सगळं ऐकून घेतलं. मग अ‍ॅप्रनच्या खिशातून किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"हे सभेत का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं.

डेलमारनं टोपी घातली, आणि दार इतक्या जोरात आपटून गेला की खिडकीतली कुंडी हलली. पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला.

"साडेतीन!" अर्डिसनं खिडकीतून ओरडून सांगितलं.